मनोनकाशा

मनोनकाशा किंवा माइंड मॅप म्हणजे एखादा विषय पानाच्या मध्यभागी ठेवून त्याचे घटक, उपघटक आणि त्यांचे परस्परसंबंध शाखांच्या रूपाने दाखवणारी आकृती होय. टिपणे काढणे, पाठाची उजळणी करणे, निबंधाची किंवा भाषणाची पूर्वतयारी करणे आणि गटाने विचारमंथन करणे या कामांसाठी मनोनकाशाचा वापर केला जातो. मराठी शालेय पाठ्यपुस्तकांतील संकल्पनाचित्र, आकृतिबंध आणि ओघतक्ता हे प्रकार मनोनकाशाशी मिळतेजुळते असले, तरी त्यांची रचना एकसारखी नसते.

ब्रिटिश लेखक टोनी बुझान यांनी १९७०च्या दशकात हे नाव आणि ही पद्धत लोकप्रिय केली. अध्ययनतंत्र म्हणून मनोनकाशाची उपयुक्तता आकृतीच्या देखणेपणावर अवलंबून नसून ती काढताना विद्यार्थ्याला किती विचार करावा लागतो यावर अवलंबून असते, असे शैक्षणिक मानसशास्त्रातील संशोधनावरून दिसते. त्यामुळे पुस्तक मिटून स्वतः काढलेला नकाशा आणि दुसऱ्याने काढलेला तयार नकाशा यांचे अध्ययनावरील परिणाम वेगळे असतात.

## रचना

मनोनकाशाच्या केंद्रस्थानी एक शब्द, शब्दसमूह किंवा चित्र असते. त्यापासून चहूबाजूंनी मुख्य शाखा निघतात. प्रत्येक मुख्य शाखा विषयाचा एक प्रमुख पैलू दाखवते. मुख्य शाखांना उपशाखा फुटतात व त्यांवर तपशील येतात. केंद्राकडून कडेकडे जाताना आशय सामान्याकडून विशिष्टाकडे जातो. बुझान यांच्या पद्धतीत प्रत्येक शाखेवर शक्यतो एकच सूचक शब्द लिहावा, मुख्य शाखा जाड व उपशाखा बारीक काढाव्यात आणि रंग व चित्रे यांचा वापर करावा, असे सांगितले आहे.

दोन वेगवेगळ्या शाखांवरील घटकांमध्ये संबंध असल्यास तो बाणाने किंवा तुटक रेषेने दाखवला जातो. या रेषांना आडवे दुवे म्हणता येईल. शाखांमुळे विषयाची विभागणी कळते, तर आडव्या दुव्यांमुळे त्या विभागांमधील कार्यकारणभाव, साम्य किंवा विरोध कळतो. केवळ शाखा असलेला नकाशा म्हणजे वर्तुळाकार मांडलेली अनुक्रमणिकाच असते. त्यामुळे अभ्यासाच्या दृष्टीने आडवे दुवे हा नकाशाचा सर्वांत महत्त्वाचा भाग ठरतो.

मनोनकाशा आणि संकल्पनाचित्र यांत फरक केला जातो. संकल्पनाचित्रात एकच केंद्र असणे आवश्यक नसते. त्यात संकल्पना चौकटींत लिहिल्या जातात आणि त्यांना जोडणाऱ्या प्रत्येक रेषेवर संबंध दर्शवणारे शब्द असतात. उदाहरणार्थ, ‘तापमान’ आणि ‘बाष्पीभवन’ या दोन चौकटींना जोडणाऱ्या बाणावर ‘वाढल्यास वाढते’ असे लिहिले, तर त्या तिन्हींचे मिळून एक विधान तयार होते. हे विधान खरे की खोटे, हे तपासता येते. ओघतक्ता मात्र क्रमाने घडणाऱ्या पायऱ्या दाखवण्यासाठी वापरला जातो.

## इतिहास

ज्ञानाची मांडणी वृक्षाच्या आकृतीत करण्याची कल्पना प्राचीन आहे. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातील तत्त्वज्ञ पॉर्फिरी यांनी ॲरिस्टॉटल यांच्या पदार्थविभागावर विवेचन केले. त्या विवेचनाच्या आधारे काढलेले विभाजनवृक्ष मध्ययुगीन युरोपात प्रचारात होते. मायोर्का बेटावरील विचारवंत रामोन ल्यूल यांनी तेराव्या शतकाच्या अखेरीस विविध विद्यांची मांडणी वृक्षांच्या रूपात केली.

विसाव्या शतकात या कल्पनेला मानसशास्त्राचा आधार मिळाला. १९६०च्या दशकात रॉस क्विलियन यांनी मानवी स्मृतीतील अर्थ हे एकमेकांना जोडलेल्या बिंदूंच्या जाळ्यासारखे असतात असे प्रतिमान मांडले. १९६९मध्ये त्यांनी ॲलन कॉलिन्स यांच्यासह त्याची प्रायोगिक तपासणी प्रसिद्ध केली. त्याच काळात अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डेव्हिड ऑसुबेल यांनी अर्थपूर्ण अध्ययनाचा सिद्धान्त मांडला. नवी माहिती विद्यार्थ्याच्या पूर्वज्ञानाशी जोडली गेली तरच ती अर्थपूर्ण रीतीने शिकली जाते, असे त्याचे सार आहे. या सिद्धान्ताच्या आधारे कॉर्नेल विद्यापीठातील जोसेफ नोव्हाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकात संकल्पनाचित्र विकसित केले. विज्ञान शिकताना मुलांच्या समजुतीत होणारे बदल नोंदवणे हा त्यांचा मूळ हेतू होता.

टोनी बुझान (१९४२–२०१९) यांनी १९७४मध्ये बीबीसीवरील ‘यूज युअर हेड’ या दूरचित्रवाणी मालिकेतून आणि त्याच नावाच्या पुस्तकातून मनोनकाशाचा प्रसार केला. पुढे शाळा, महाविद्यालये आणि व्यावसायिक प्रशिक्षण या क्षेत्रांत ही पद्धत जगभर पोहोचली.

## मानसशास्त्रीय आधार

कार्यकारी स्मृतीची मर्यादा. मनुष्य एका वेळी मोजक्याच गोष्टी मनात धरू शकतो. जॉर्ज मिलर यांनी १९५६च्या प्रसिद्ध निबंधात ही मर्यादा सुमारे सात एककांची असल्याचे म्हटले होते. नेल्सन कोवन यांनी २००१मध्ये ती सुमारे चार एककांची असल्याचे प्रतिपादन केले. सुटे तपशील अर्थपूर्ण गटांत बांधले, तर प्रत्येक गट एक एकक म्हणून हाताळता येतो. मनोनकाशाच्या मुख्य शाखा हेच गट होत.

प्रक्रियेची खोली. फर्गस क्रेक आणि रॉबर्ट लॉकहार्ट यांनी १९७२मध्ये मांडलेल्या विचारानुसार, शब्दाच्या रूपावर लक्ष देण्यापेक्षा त्याच्या अर्थाचा विचार केल्यास तो अधिक काळ स्मरणात राहतो. नकाशा काढताना ‘हा मुद्दा कोणत्या शाखेवर जाईल?’ हा प्रश्न वारंवार पडतो आणि त्याचे उत्तर देण्यासाठी अर्थाचा विचार करावाच लागतो. पाहून उतरवलेल्या नकाशात हा प्रश्नच पडत नाही.

तज्ज्ञांच्या ज्ञानाची रचना. मिशेलीन ची, पॉल फेल्टोविच आणि रॉबर्ट ग्लेझर यांनी १९८१मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात भौतिकशास्त्रातील उदाहरणांचे गट पाडण्यास सांगितले होते. नवशिक्यांनी उतरण, कप्पी, स्प्रिंग अशा दिसणाऱ्या वस्तूंवरून गट पाडले. तज्ज्ञांनी ऊर्जेची अक्षय्यता, न्यूटनचा दुसरा नियम अशा मूलतत्त्वांवरून गट पाडले. तज्ज्ञाजवळ केवळ अधिक माहिती नसते, तर ती वेगळ्या तत्त्वावर रचलेली असते. म्हणून नकाशाच्या शाखा कोणत्या तत्त्वावर पाडल्या आहेत, यावरून विद्यार्थ्याच्या आकलनाचा अंदाज येतो.

## उच्चस्तरीय विचाराशी संबंध

बेंजामिन ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६मध्ये बोधात्मक शैक्षणिक उद्दिष्टांचे वर्गीकरण प्रसिद्ध केले. त्यात ज्ञान, आकलन, उपयोजन, विश्लेषण, संश्लेषण आणि मूल्यमापन असे सहा स्तर होते. लॉरिन अँडरसन आणि डेव्हिड क्रॅथवोल यांच्या संपादनाखाली २००१मध्ये त्याची सुधारित आवृत्ती निघाली. तिच्यात स्तरांना क्रियावाचक नावे देण्यात आली: स्मरण करणे, समजून घेणे, उपयोजन करणे, विश्लेषण करणे, मूल्यमापन करणे आणि नवनिर्मिती करणे. शेवटच्या तीन स्तरांना सामान्यतः उच्चस्तरीय विचार म्हटले जाते.

या वर्गीकरणाचा अर्थ पाठांतर निरुपयोगी आहे असा होत नाही. ज्या गोष्टी मुळात आठवतच नाहीत त्यांचे विश्लेषण करता येत नाही. पाढे, सूत्रे, व्याख्या, सनावळ्या आणि शब्दार्थ तोंडपाठ असल्यास कार्यकारी स्मृतीवरील भार कमी होतो आणि विचारासाठी जागा मोकळी होते. मात्र अभ्यास स्मरणाच्या स्तरावरच थांबला, तर अपरिचित प्रश्न समोर येताच विद्यार्थी अडखळतो. सुट्या तपशिलांकडून त्यांच्या संबंधांकडे जाण्यासाठी मनोनकाशा हा दुवा ठरू शकतो. मुद्द्यांची नोंद हे स्मरण, शाखांची निवड हे विश्लेषण, कोणता मुद्दा महत्त्वाचा आणि कोणता गौण हे ठरवणे म्हणजे मूल्यमापन, आणि आधी न दिसलेला आडवा दुवा शोधणे ही नवनिर्मिती, अशी सांगड घालता येते.

## उदाहरण: महाराष्ट्रातील पाऊस

भूगोलातील ‘महाराष्ट्रातील पावसाचे वितरण’ हा घटक केंद्रस्थानी ठेवल्यास साधारणतः पुढील मुख्य शाखा निघतात:

* वारे: नैर्ऋत्य मोसमी वारे, अरबी समुद्रावरून येणारी शाखा, बंगालच्या उपसागरावरून येणारी शाखा.
* भूरचना: कोकण किनारपट्टी, सह्याद्री, दख्खनचे पठार.
* वितरण: कोकण व घाटमाथ्यावर अतिवृष्टी, सह्याद्रीच्या पूर्वेस पर्जन्यछायेचा प्रदेश, पूर्व विदर्भात पुन्हा वाढ.
* पिके: भात, ज्वारी व बाजरी, ऊस.
* पाणी: नद्या, धरणे व कालवे, अवर्षण.

येथपर्यंतचा नकाशा पाठ्यपुस्तकातील शीर्षकांवरूनही तयार होतो. खरा अभ्यास आडव्या दुव्यांपासून सुरू होतो. ‘सह्याद्री’ आणि ‘पर्जन्यछाया’ यांना जोडणाऱ्या बाणावर कारण लिहावे लागते. अरबी समुद्रावरून आलेली बाष्पयुक्त हवा सह्याद्रीला अडून वर चढते, थंड होते आणि पश्चिम उतारावर व घाटमाथ्यावर पाऊस देते. पूर्वेकडे उतरताना ती उबदार व कोरडी होत जाते. घाटमाथ्यावरील महाबळेश्वर येथे वर्षाला सरासरी ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर तेथून पूर्वेस थोड्याच अंतरावर असलेल्या वाईच्या परिसरात तो त्याच्या काही अंशानेच पडतो. सातारा जिल्ह्याच्याच पूर्व भागातील माण तालुका अवर्षणप्रवण म्हणून ओळखला जातो.

दुसरा दुवा ‘भात’ या उपशाखेपाशी सापडतो. कोकणात भात होतो आणि राज्याच्या दुसऱ्या टोकाला भंडारा–गोंदिया भागातही होतो. ही दोन सुटी विधाने पाठ करण्याऐवजी ती ‘वितरण’ शाखेशी जोडली, तर दोन्ही प्रदेशांतील पुरेसा पाऊस हे समान कारण दिसते. पूर्व विदर्भाला बंगालच्या उपसागराकडून येणाऱ्या शाखेचाही पाऊस मिळतो, हे लक्षात आले की ‘वारे’ आणि ‘पिके’ या दूरच्या शाखाही जोडल्या जातात.

तिसऱ्या दुव्यात विसंगती आढळते. सोलापूर जिल्हा पर्जन्यछायेच्या प्रदेशात येतो, तरीही तेथे पाण्याची मोठी गरज असलेल्या उसाची लागवड मोठ्या प्रमाणावर होते. याचे उत्तर ‘पाणी’ या शाखेवर मिळते. कृष्णा, भीमा व गोदावरी या नद्या सह्याद्रीच्या पावसाळी भागात उगम पावतात आणि पूर्वेकडील कोरड्या पठारावरून वाहतात. भीमेवरील उजनी धरणासारख्या प्रकल्पांमुळे घाटातील पाणी पठारावरील शेतीला मिळते. अवर्षणप्रवण भागात पाणी कोणत्या पिकाला द्यावे, हा पुढचा प्रश्न मूल्यमापनाच्या स्तरावरचा आहे आणि त्याचे एकच ठरावीक उत्तर नाही.

एकाच नकाशावरून वेगवेगळ्या स्तरांवरील प्रश्न कसे तयार होतात, हे पुढीलप्रमाणे दाखवता येते:

* स्मरण: पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणजे काय?
* आकलन: सह्याद्रीच्या पूर्वेस पाऊस कमी का पडतो, ते स्वतःच्या शब्दांत सांगणे.
* उपयोजन: अपरिचित प्रदेशाचा प्राकृतिक नकाशा पाहून तेथील पर्जन्यछायेची बाजू ओळखणे.
* विश्लेषण: कोकण आणि पूर्व विदर्भ यांच्यातील पाऊस व पिके यांची तुलना करणे.
* मूल्यमापन: कमी पावसाच्या प्रदेशातील उसाच्या लागवडीविषयी दोन्ही बाजूंची कारणे तपासून मत बनवणे.
* नवनिर्मिती: एखाद्या अवर्षणप्रवण गावासाठी पीक व पाणी यांचे नियोजन सुचवणे.

## अभ्यासातील वापर

अभ्यासासाठी मनोनकाशा सामान्यतः पुढील टप्प्यांनी काढला जातो.

1. पूर्वज्ञानाची नोंद. धडा वाचण्यापूर्वी त्या विषयाबद्दल जे ठाऊक आहे त्याचा लहानसा कच्चा नकाशा काढला जातो. यामुळे नवी माहिती कोठे जोडायची याची जागा तयार होते आणि चुकीच्या समजुतीही उघड होतात.
2. वाचन. धड्याचा एक पूर्ण भाग वाचला जातो. वाचता वाचता नकाशा भरल्यास पुस्तकातील वाक्ये जशीच्या तशी उतरवण्याकडे कल होतो.
3. पुस्तक मिटून नकाशा. वाचलेला भाग आठवून शाखा काढल्या जातात. आठवत नसलेल्या जागा मोकळ्या सोडल्या जातात.
4. पडताळा. पुस्तक उघडून राहिलेले मुद्दे व चुका वेगळ्या रंगाने नोंदवल्या जातात. येथे रंगाला निश्चित काम मिळते. पहिल्या फेरीत काय आले नव्हते, हे पुढच्या उजळणीत एका दृष्टिक्षेपात कळते.
5. आडवे दुवे. ‘का?’, ‘कसे?’, ‘याच्या उलट काय?’ आणि ‘असे नसते तर?’ हे प्रश्न विचारून शाखांमधील संबंध शोधले जातात आणि प्रत्येक बाणावर संबंधदर्शक शब्द लिहिले जातात.
6. अंतराने पुनरावृत्ती. काही दिवसांनी जुना नकाशा न पाहता कोऱ्या कागदावर तोच नकाशा पुन्हा काढला जातो आणि मग दोन्हींची तुलना केली जाते.
7. गद्यात रूपांतर. नकाशातील एखाद्या शाखेवर सलग परिच्छेद लिहिला जातो किंवा ती शाखा दुसऱ्याला समजावून सांगितली जाते. परीक्षेतील उत्तर बहुधा सलग वाक्यांतच लिहायचे असल्याने हा टप्पा वगळल्यास मुद्दे माहीत असूनही मांडणी जमत नाही.

वेळेच्या दृष्टीने तिसरा, चौथा आणि सहावा हे टप्पे सर्वांत फलदायी असतात. चित्रे सजवण्यात आणि अक्षर सुबक करण्यात जाणारा वेळ उजळणीच्या वेळातून वजा होतो.

## पूरक अध्ययनतंत्रे

मनोनकाशा हे मांडणीचे साधन आहे. दीर्घकालीन स्मरणासाठी त्याला इतर तंत्रांची जोड दिली जाते. जॉन डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी २०१३मध्ये दहा प्रचलित अध्ययनतंत्रांवरील संशोधनाचा आढावा घेतला. त्यात स्वतःची चाचणी घेणे आणि अभ्यासाची अंतराअंतराने विभागणी करणे या दोन तंत्रांना उच्च उपयुक्ततेची श्रेणी मिळाली. कारणे विचारत जाणे, स्वतःला स्पष्टीकरण देणे आणि निरनिराळ्या प्रकारच्या उदाहरणांचा मिश्र सराव करणे यांना मध्यम श्रेणी मिळाली. विद्यार्थ्यांमध्ये सर्वाधिक रूढ असलेले पुनर्वाचन आणि ओळी अधोरेखित करणे ही तंत्रे कमी उपयुक्त ठरली.

* प्रत्यावाहनाचा सराव: वाचलेले पुन्हा वाचण्याऐवजी ते न पाहता आठवणे. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांच्या २००६मधील प्रयोगात उतारा दोनदा वाचणाऱ्या विद्यार्थ्यांना पाच मिनिटांनंतर अधिक आठवले. मात्र एका आठवड्यानंतर दोनदा वाचणाऱ्यांना सुमारे ४२ टक्के, तर एकदा वाचून एकदा आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ५६ टक्के आशय आठवला.
* विभागित सराव: एकाच दिवशी दीर्घकाळ अभ्यास करण्याऐवजी तेवढाच वेळ अनेक दिवसांत विभागणे. स्मृतीवरील या परिणामाची नोंद जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५मधील ग्रंथात केली होती.
* कारणमीमांसा व स्व-स्पष्टीकरण: प्रत्येक विधानाला ‘हे असे का?’ असे विचारणे आणि सोडवलेल्या उदाहरणातील प्रत्येक पायरीचे कारण स्वतःला सांगणे.
* मिश्र सराव: एकाच सूत्रावरील गणिते सलग सोडवण्याऐवजी निरनिराळ्या प्रकारची गणिते मिसळणे. यात कोणती रीत लागू पडेल हे ओळखण्याचा सराव होतो.

या तंत्रांमध्ये अभ्यास करताना अडचण जाणवते आणि प्रगती मंद वाटते. रॉबर्ट बियर्क यांनी अशा अडचणींना इष्ट अडचणी असे नाव दिले. सहज वाचता येणारी गोष्ट आपल्याला येते, असा समज विद्यार्थ्यांमध्ये सर्रास आढळतो. हा समज आणि प्रत्यक्ष स्मरण यांत मोठे अंतर असू शकते.

## परिणामकारकतेविषयी संशोधन

पॉल फॅरंड, फरझाना हुसेन आणि एनिड हेनेसी यांनी २००२मध्ये वैद्यकीय शाखेच्या ५० विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगात ६०० शब्दांचा उतारा अभ्यासासाठी दिला होता. एका गटाने मनोनकाशाचा आणि दुसऱ्याने आपापल्या आवडीच्या पद्धतीचा वापर केला. एका आठवड्यानंतर मनोनकाशा वापरणाऱ्यांचे स्मरण काहीसे सरस होते, परंतु ही पद्धत वापरण्याविषयीची त्यांची प्रेरणा मात्र कमी होती.

जॉन नेस्बिट आणि ओलुसोला अदेसोपे यांनी २००६मध्ये संकल्पनाचित्रे व ज्ञाननकाशे यांवरील ५५ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. या अभ्यासांत एकूण ५,८१८ व्यक्ती सहभागी होत्या. उतारे वाचणे, व्याख्याने ऐकणे आणि वर्गचर्चा यांच्या तुलनेत नकाशांचा लाभ अधिक आढळला. सारांश लिहिणे किंवा मुद्द्यांची रूपरेषा काढणे यांच्याशी तुलना केली असता मात्र हा फरक अल्प होता. नकाशाच्या आकारापेक्षा तो काढताना होणारा सक्रिय सहभाग महत्त्वाचा असावा, असे यावरून सूचित होते.

कार्पिकी आणि जॅनेल ब्लंट यांनी २०११मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, उतारा समोर ठेवून संकल्पनाचित्र काढणाऱ्यांपेक्षा उतारा वाचून न पाहता आठवून लिहिणारे विद्यार्थी एका आठवड्यानंतरच्या चाचणीत पुढे होते. अंतिम चाचणी संकल्पनाचित्र काढण्याचीच असतानाही हाच निष्कर्ष आला. त्याच संशोधकांनी २०१४मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुढील अभ्यासात उतारा न पाहता संकल्पनाचित्र काढण्यास सांगितले. तेव्हा चित्र काढणे आणि परिच्छेद लिहिणे हे दोन्ही प्रकार सारखेच परिणामकारक ठरले. नकाशा आणि प्रत्यावाहन या परस्परविरोधी पद्धती नसून पुस्तक मिटून काढलेला नकाशा हा प्रत्यावाहनाचाच एक प्रकार आहे, असा या दोन्ही अभ्यासांचा एकत्रित अर्थ लावला जातो.

## मर्यादा व टीका

बुझान यांच्या काही दाव्यांवर टीका झाली आहे. मनोनकाशा मेंदूच्या डाव्या व उजव्या अशा दोन्ही अर्धगोलांना एकत्र कामाला लावतो, हे त्यांचे स्पष्टीकरण रॉजर स्पेरी यांच्या विभाजित मेंदूवरील संशोधनाच्या अतिसुलभीकरणावर आधारलेले होते. निरोगी मेंदूत दोन्ही अर्धगोल एकमेकांशी जोडलेले असतात आणि वाचन–लेखनासारख्या सामान्य कामांतही ते एकत्र काम करतात. नकाशाची उपयुक्तता सिद्ध करण्यासाठी या दाव्याची आवश्यकता नाही.

मनोनकाशा केवळ ‘दृश्य शैलीच्या’ विद्यार्थ्यांसाठी योग्य असतो, हा समजही पुराव्यावर टिकत नाही. हॅरल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८मध्ये घेतलेल्या आढाव्यात, विद्यार्थ्याच्या शैलीनुसार अध्यापन केल्यास अध्ययन सुधारते या मताला पुरेसा आधार आढळला नाही.

पद्धतीच्या व्यावहारिक मर्यादाही आहेत. गणितातील सिद्धता, रासायनिक अभिक्रियेच्या पायऱ्या किंवा युक्तिवादाची साखळी अशा क्रमबद्ध आशयासाठी ओघतक्ता किंवा सलग लेखन अधिक सोयीचे असते. उदाहरणे सोडवण्याचे कौशल्य नकाशा काढून येत नाही. त्यासाठी उदाहरणेच सोडवावी लागतात. एकेका सूचक शब्दाने काढलेला नकाशा काही महिन्यांनी काढणाऱ्यालाही दुर्बोध होऊ शकतो. नवशिक्याला सुरुवातीला मुख्य व गौण मुद्द्यांतील फरकच ठाऊक नसल्याने शिक्षकाने दिलेला अर्धवट नकाशा पूर्ण करणे हा मधला मार्ग वापरला जातो.

मार्गदर्शक पुस्तकांत आणि आंतरजालावर मिळणारे तयार नकाशे वेळ वाचवतात, परंतु शाखा ठरवण्याचे व दुवे शोधण्याचे बौद्धिक काम त्यांत आधीच दुसऱ्याने केलेले असते. असा नकाशा पाहताना विषय ओळखीचा वाटतो. ओळखीचे वाटणे ही प्रत्यभिज्ञा होय. परीक्षेत आणि व्यवहारात लागते ते प्रत्यावाहन. तयार नकाशाचा उपयोग स्वतःच्या नकाशाशी तुलना करण्यासाठी केल्यास हा दोष टळतो.

## महाराष्ट्रातील शालेय शिक्षणात

महाराष्ट्रातील प्रश्नपत्रिकांच्या संविधान तक्त्यात ज्ञान, आकलन, उपयोजन आणि कौशल्य अशा उद्दिष्टांनुसार गुणांची विभागणी करण्याची रीत प्रचलित आहे. तिचे मूळ ब्लूम यांच्या वर्गीकरणाशी जोडले जाते. बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांतील स्वाध्यायांत संकल्पनाचित्र किंवा ओघतक्ता पूर्ण करण्याचे प्रश्न येतात, तर मराठीच्या कृतिपत्रिकेत उताऱ्यावर आधारित आकृतिबंध पूर्ण करण्याच्या कृती असतात. या कृतींत चौकटी आधीच आखलेल्या असल्याने त्या मुख्यतः स्मरण व आकलन तपासतात. त्याच आशयावर कोऱ्या कागदावर स्वतःची आकृती रचणे हे विश्लेषणाच्या स्तरावरील काम होय.

राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ने ज्ञान शाळेबाहेरील जीवनाशी जोडण्यावर आणि घोकंपट्टीपासून दूर जाण्यावर भर दिला. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२०नेही संकल्पनात्मक आकलन आणि चिकित्सक विचार यांना प्राधान्य दिले आहे.

## साधने

मनोनकाशासाठी कोरा कागद व पेन पुरेसे असतात. कागद आडवा धरल्यास शाखांना अधिक जागा मिळते. संगणकासाठी फ्रीमाइंड व फ्रीप्लेन ही मुक्त आज्ञावली असलेली, तसेच एक्समाइंडसारखी इतर सॉफ्टवेअरे उपलब्ध आहेत. संगणकावरील नकाशात शाखा हलवणे, मिटवणे व विस्तारणे सोपे जाते. शाखा मिटवून त्यांवरील मुद्दे आठवण्याचा सरावही करता येतो. वर्गात फळ्यावर सामूहिक नकाशा काढल्यास एकाच मुद्द्याच्या जागेविषयी विद्यार्थ्यांत मतभेद होतात. आपली निवड सकारण मांडावी लागत असल्याने या मतभेदांतून विषयाचे आकलन स्पष्ट होण्यास मदत होते.

## हे सुद्धा पहा

* अध्ययन
* स्मृती
* शैक्षणिक मानसशास्त्र
* ब्लूम यांचे वर्गीकरण
* विचारमंथन